औषधे बंद केलेल्या जाऊबाईंशी कसे बोलावे?

आलेले पत्र, थोडक्यात:

आदरणीय बाईंना सलाम. माझ्या मोठ्या जाऊबाई 62 वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी भावोजी प्रभूकडे गेले. मुलगा आणि सून नोकरीसाठी पुण्यात असतात, त्यामुळे त्या इथे एकट्याच राहतात. गेले वर्षभर त्या मोबाईलवर एका प्रचारकांचे संदेश ऐकतात आणि त्यांच्या शुक्रवारच्या आरोग्यदान सभेला जातात. ‘आपण बरे झालो असे तोंडाने अंगीकारल्यावर औषध घेणे म्हणजे अविश्वास’, असे तिथे शिकवतात. त्यामुळे त्यांनी मधुमेहाचे इन्सुलिन आणि रक्तदाबाच्या गोळ्या नाताळानंतर बंद केल्या. शंभरपट परत मिळेल म्हणून हातातल्या सोन्याच्या पाटल्या ‘बियाणे’ म्हणून दिल्या. मी संतापून सगळ्या नातेवाइकांसमोर त्यांना वेड्यात काढले आणि त्या प्रचारकांची लबाडी उघड करणारे व्हिडिओ कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत आणि आमच्या जुन्या मंडळीतही (चर्चमध्येही) येत नाहीत. सुनेमार्फत शुक्रवारच्या सभेचे निमंत्रण मात्र पाठवतात. सून सांगते की हल्ली त्यांना सारखी तहान लागते आणि वजनही उतरले आहे. आपल्याच विश्वासातल्या माणसाला चूक कशी दाखवावी? की गप्प बसावे? पाळकांना सांगून हे उपासनेत जाहीर करावे का? सभेला बोलावतात, तर जावे का?
— एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

प्रिय भगिनी,

प्रभूमध्ये सलाम. तुम्ही विचारलेले सगळेच प्रश्न महत्त्वाचे आहेत. परंतु तुमच्या पत्रात सुनेच्या तोंडचे जे एक वाक्य आले आहे, ते वाचल्यावर शिकवणीची चर्चा आधी करणे मला योग्य वाटत नाही. सारखी तहान लागणे, वारंवार लघवीला जावे लागणे आणि वजन उतरत जाणे ही रक्तातील साखर बेताबाहेर गेल्याची लक्षणे असतात. ज्यांना इन्सुलिन चालू आहे त्यांनी ते अचानक थांबवले, तर साखर वाढत जाऊन शरीरातले पाणी कमी होते, उलट्या होतात, श्वास जोरजोरात चालू लागतो, माणूस ग्लानीत जातो, आणि अशा वेळी काही तासांचा उशीरही जिवावर बेतू शकतो. म्हणून हे उत्तर पुढे वाचण्याआधी पुतण्याला फोन करा. त्याने या आठवड्यातच पुण्याहून यावे, दोन दिवस आईजवळ राहावे आणि तिला नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन जावे. जुन्या मात्रेचे इन्सुलिन घरच्या घरी पुन्हा सुरू करू नये. इतक्या खंडानंतर मात्रा किती हवी, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. ग्लानी, उलट्या किंवा धाप यांपैकी काही दिसले, तर मात्र कोणाच्याही होकाराची वाट न पाहता त्यांना सरळ रुग्णालयात न्यावे. त्या रागावतील, रागावू द्या.

पुतण्याने आईला काय म्हणावे, यालाही महत्त्व आहे. ‘आई, तू फसली आहेस, चल डॉक्टरकडे’ असे म्हटले, तर ती जागची हलणार नाही. त्याने मार्काच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय उघडून 40 ते 44 ही वचने आईबरोबर वाचावीत. प्रभूने कुष्ठरोग्याला हात लावला, तो तत्काळ शुद्ध झाला, आणि लगेच प्रभूने त्याला याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगितले. लूकच्या 17 व्या अध्यायातल्या दहा कुष्ठरोग्यांनाही हीच आज्ञा झाली. याजकाने कसे पाहावे, सात दिवस कसे थांबावे आणि पुन्हा कसे तपासावे, हे लेवीय पुस्तकाच्या 13 व्या आणि 14 व्या अध्यायांत किती बारकाईने लिहिले आहे! प्रभूने स्वतः बरे केलेल्या माणसाला तपासणीला पाठवले, आणि त्या तपासणीत त्याला विश्वासाची उणीव दिसली नाही. तेव्हा पुतण्याने म्हणावे, ‘आई, देवाने तुला बरे केले असेल, तर ते तपासणीत दिसेलच, आणि आपण सगळे मिळून उपकारस्तुती करू. पण डॉक्टर आता पाहून जे औषध देतील, ते त्यांनी थांबवा म्हणेपर्यंत चालू राहू दे.’ हे वाक्य त्याने मनापासून म्हणावे, आईला शब्दात पकडण्यासाठी म्हणू नये. गेल्या सुमारे तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी नावाची रक्ततपासणी असते, ती करून घ्यावी. रक्तदाबाचे तर असे आहे की तो वाढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, त्यामुळे ‘मला बरे वाटते’ या शब्दांवर त्याची औषधे कधीच थांबवता येत नाहीत.

आता तुमच्याविषयी. तुमचा संताप मला समजतो, कारण तो मायेपोटी आलेला आहे. तरीही सगळ्यांसमोर त्यांना वेड्यात काढणे चुकलेच, आणि त्याबद्दल त्यांची क्षमा मागितल्यावाचून पुढचे एकही पाऊल टाकता येणार नाही. क्षमा मागताना ‘पण’ हा शब्द वापरू नका. ‘ताई, मी सगळ्यांसमोर तुमचा अपमान केला, मला क्षमा करा’, एवढेच बोला आणि शिकवणीचा विषय त्या दिवशी काढू नका. ते व्हिडिओ गटावरून काढून टाका, आणि काढल्याचे त्यांना सांगा. मत्तयाच्या 18 व्या अध्यायात प्रभूने चूक दाखवण्याची जी रीत घालून दिली, तिची सुरुवात दोघांच्या एकांतातील बोलण्यापासून होते. साक्षीदार आणि मंडळी त्यानंतर येतात. आपण पुष्कळदा हा क्रम उलटा करतो. आधी सगळ्या गोतावळ्याला कळवतो आणि मग संबंधित माणसाला विचारतो की, तुझे मन असे कठीण का झाले.

तुमचा मूळ प्रश्न, म्हणजे चूक कशी दाखवावी, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर मला तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात दिसते. तुरुंगात मरणाची वाट पाहणारा पौल तरुण तीमथ्याला सांगतो की, प्रभूच्या दासाने भांडू नये, सर्वांशी सौम्यतेने वागावे, शिकवण्यात निपुण आणि सहनशील असावे, आणि विरोध करणाऱ्यांना सौम्यतेने शिक्षण द्यावे. कारण देव कदाचित त्यांना पश्चात्तापबुद्धी देईल आणि ते सैतानाच्या पाशातून सुटतील. हे शब्द आपण अनेकदा ऐकतो, पण त्याच अध्यायात थोडे आधी, 17 व्या आणि 18 व्या वचनांत, पौलाने हुमनाय आणि फिलेत या दोन शिक्षकांची नावे घेतली आहेत, तिकडे आपले लक्ष जात नाही. शिकवणाऱ्यांना तो नाव घेऊन दोष देतो, त्यांचे बोलणे काळपुळीसारखे पसरते म्हणतो. आणि त्यांच्या नादी लागून ज्यांचा विश्वास ढासळला, त्यांच्यासाठी मात्र सौम्यतेचा मार्ग सांगतो. तुम्ही रागाच्या भरात या दोघांना एकाच तराजूत टाकले. प्रचारकांवरचा सगळा राग जाऊबाईंवर निघाला, कारण त्या हाताशी होत्या आणि ते नव्हते.

त्या दोन शिक्षकांची चूक कोणती होती, तेही पाहा. पुनरुत्थान होऊन गेले, असे ते म्हणत. जे देवाने पुढे द्यायचे राखून ठेवले आहे, ते आत्ताच पूर्ण मिळून चुकले, असा तो दावा होता. जाऊबाईंना जे शिकवले गेले आहे ते मला याच जातीचे वाटते. रोगमुक्त शरीर हे देवाचे खरे वचन आहे, यात शंका नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की, ज्यांना आत्मा हे प्रथमफळ मिळाले आहे असे आपणही शरीराच्या मुक्तीची वाट पाहत आतल्या आत कण्हत आहोत. आत्मा मिळालेली माणसे कण्हतात, आणि त्या कण्हण्याला पौल अविश्वास म्हणत नाही. आजारी विश्वासणाऱ्याला कण्हण्याचीही मनाई करणारी ही नवी शिकवण म्हणूनच मला निर्दय वाटते. दुखते असे म्हटले तर अंगीकार मोडला, तपासणी केली तर संशय आला, बरे वाटले नाही तर दोष रोग्याचाच. अशी ही रचना असल्यामुळे माणूस आपली लक्षणे घरच्यांपासून लपवू लागतो. तुमच्या जाऊबाई तहानेविषयी तुमच्याशी काही बोलल्या नाहीत, ते सुनेच्या लक्षात आले, यावरून हे ताडता येते. ‘मी तेव्हाच सांगत होते’ असे जिच्या तोंडून ऐकावे लागणार नाही, अशी एक तरी बाई घरात आहे, हे त्यांना कळले पाहिजे. ती बाई तुम्ही व्हा.

चूक दाखवण्याची सुरुवात त्यांचे जे बरोबर आहे तिथून करावी, हे मी आग्रहाने सांगते. प्रेषितांच्या कृत्यांच्या 18 व्या अध्यायात अपुल्लोस इफिसात येतो, तेव्हा तो शास्त्रात प्रवीण, आवेशाने बोलणारा, पण केवळ योहानाचा बाप्तिस्मा जाणणारा असा आहे. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या नवरा-बायकोने सभास्थानात त्याचे बोलणे ऐकले, पण तिथेच उठून त्याला खोडून काढले नाही. त्यांनी त्याला आपल्याकडे नेले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. अधिक नीट, म्हणजे त्याच्याजवळ जे होते ते टाकून देण्याजोगे नव्हते. तंबू शिवून पोट भरणाऱ्या त्या दांपत्याच्या घरात हे बोलणे किती दिवस चालले, ते लूक सांगत नाही; पण त्यानंतर तो अखयास जायला निघाला, तेव्हा बंधुजनांनीच त्याला शिफारसपत्र दिले. तुमच्या जाऊबाई देव बरे करतो असे मानतात, आणि तुम्हीही मानता. आपल्या मंडळ्यांतही याकोबाच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे मंडळीचे वडील येऊन आजाऱ्यासाठी प्रार्थना करतात, कुठे कुठे तेलही लावतात. हे त्यांच्यापाशी स्पष्टपणे बोला. नाहीतर त्यांची समजूत अशी होईल की, त्यांच्या विश्वासाला तुम्ही अविश्वासाने उत्तर देत आहात, आणि मग तुमचे कोणतेही म्हणणे त्यांना शत्रूचेच वाटेल.

मग त्यांचीच वचने त्यांच्याबरोबर वाचा, फक्त पूर्ण वाचा. ‘त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हाला आरोग्य प्राप्त झाले’, हे यशयाच्या 53 व्या अध्यायातले वचन त्या सभेत नक्कीच पाठ करून घेतले असेल. त्यांचा आधार अगदीच निराधार आहे असे म्हणू नका, कारण मत्तयाने आपल्या आठव्या अध्यायात त्याच्या अलीकडचे वचन प्रभूने रोग्यांना बरे केले त्या प्रसंगाला लावले आहे. पण पेत्राने आपल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हे फटक्यांचे वचन कोणाला उद्देशून घेतले, ते पाहण्यासारखे आहे. तो कठोर धन्यांच्या घरी अन्यायाने मार खाणाऱ्या दासांशी बोलत आहे. त्यांच्या पाठीवरचे वळ नाहीसे होतील, असे तो म्हणत नाही. ते सोसताना ख्रिस्त तुमच्या आधी या वाटेने गेला आहे आणि त्याने तुमची पापे वाहिली आहेत, असे सांगतो. ज्यांच्या अंगावर ताज्या जखमा आहेत त्यांनाच जर हे वचन लिहिले गेले, तर ‘हे वचन मानणाऱ्याच्या अंगात दुखणे राहूच शकत नाही’, असा अर्थ त्यातून कसा निघेल? हा प्रश्न त्यांना विचारा आणि उत्तराची घाई करू नका. त्यांनी पुस्तक मिटले, तर तुम्हीही मिटा, चहा करा.

दुसऱ्या एखाद्या दिवशी पौलाच्या सोबत्यांविषयी वाचा. इफिसात पौलाच्या अंगाला लागलेले रुमाल नेऊन लोक बरे होत होते. त्याच पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला. तीमथ्याच्या वारंवारच्या दुखण्यांवर त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला, तुझा विश्वास कमी पडतो असे लिहिले नाही. एपफ्रदीत मरणाच्या दारी गेला होता; तो गेला असता तर आपल्याला दुःखावर दुःख झाले असते, असे पौल उघड कबूल करतो. स्वतःच्या शरीरातला काटा काढावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली आणि उत्तर आले ते कृपा पुरेशी असण्याचे. पौलाबरोबर शेवटपर्यंत राहिलेला लूक हा वैद्य होता, आणि कलस्सैकरांस लिहिताना पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. विश्वासात कमी पडलेल्या माणसांची ही यादी नव्हे, हे जाऊबाईही मान्य करतील.

आपल्या मराठी मंडळीचा इतिहासही त्यांना सांगा, कारण तो त्यांचा आहे आणि तो प्रचारक त्यांना कधीच सांगणार नाहीत. पंडिता रमाबाईंच्या पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये 1905 साली प्रार्थनेची अशी लाट उसळली की तिची बातमी देशोदेशी गेली. त्याच रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्या खांद्यावर मिशनचा भार द्यायचा होता, ती 1921 साली ऐन चाळिशीत वारली. हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल भाषांतर करण्याचे आपले काम रमाबाईंनी त्यानंतरही सोडले नाही, आणि वर्ष पुरे होण्याआधी, एप्रिल 1922 मध्ये, त्याही प्रभूकडे गेल्या. त्यांच्या विश्वासात खोट होती म्हणून लेक गेली, असे म्हणायला केडगावच्या आवारात उभे राहून कोणाची जीभ रेटेल? मिरजेला 1894 साली डॉक्टर विल्यम वानलेस यांनी मिशनचे रुग्णालय उघडले. तुमच्याच नगरात साल्व्हेशन आर्मीचे बूथ हॉस्पिटल आहे. प्रार्थना करणाऱ्या हातांनी सुया टोचल्या, शस्त्रक्रिया केल्या, पट्ट्या बांधल्या. आपल्या घरांतल्या किती मावश्या, आत्या या रुग्णालयांत परिचारिका म्हणून राबल्या! औषध म्हणजे अविश्वास असेल, तर त्या सगळ्यांची सेवा आपण कोणत्या खात्यात टाकायची?

इथे एक सूचना. ही शिकवण विसाव्या शतकात अमेरिकेतून आली, ‘विश्वासाचे बियाणे’ ही कल्पना ओक्लाहोमाच्या ओरल रॉबर्ट्स या प्रचारकाने लोकप्रिय केली आणि दूरचित्रवाणीवरून ती जगभर गेली, हे सगळे खरे आहे. तरी ‘हे परदेशी खूळ आहे’ असा वाद घालू नका. नगरला 1831 साली काम सुरू करणारे मिशनही अमेरिकनच होते. शिकवण कुठून आली यापेक्षा ती शास्त्राला धरून आहे का, हे बिरुयातल्या लोकांप्रमाणे रोज शास्त्रात शोध करून पाहावे लागते, आणि तो शोध दोघींनाही करता येतो.

पाटल्यांचा विषय मात्र तुम्ही आपणहून काढू नका. गेलेल्या सोन्याची लाज माणसाला चुकीला अधिक घट्ट धरून ठेवायला लावते, कारण शिकवण खोटी म्हटली की पाटल्याही वाया गेल्या असे म्हणावे लागते. त्यांनी स्वतः विषय काढला, तर मलाखीच्या तिसऱ्या अध्यायाबरोबर अनुवाद या पुस्तकाचा 14 वा अध्यायही उघडा. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, आणला तर आकाशाच्या खिडक्या उघडण्याचे मलाखीतले वचन सगळ्यांना माहीत असते. पण दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेवी, उपरा, पोरका आणि विधवा यांनी जेवून तृप्त व्हावे म्हणून गावातच साठवायचा होता, हे कोणी सांगत नाही. नियमशास्त्राच्या हिशेबात तुमच्या जाऊबाई घेणाऱ्यांच्या पंक्तीत बसतात. विधवेच्या हातातल्या पाटल्या उतरवून घेणाऱ्याला मलाखीचे नाव घेण्याचा काय अधिकार? पौलाने यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा कोणी बोट दाखवू नये म्हणून त्याने मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली, हे करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. त्या सभेत अर्पणाची पावती मिळते का, हिशेब कोण पाहते, एवढेच पुतण्याने शांतपणे विचारावे. पुढचे नुकसान टाळण्यासाठी मुदत ठेवी आणि घराची कागदपत्रे यांविषयी आईशी बोलणेही त्याचेच काम आहे; तुम्ही त्यात पडलात, तर भावकीतला पैशांचा वाद असा त्याला रंग येईल.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, आणि तिची उणीव मला सतत जाणवत राहिली. भावोजी गेल्यानंतरच्या दोन वर्षांत तुमच्या जुन्या मंडळीतले कोण त्यांच्याकडे गेले, याचा त्यात उल्लेख नाही. अंत्यविधीला सगळे येतात, पहिल्या स्मरणार्थ प्रार्थनेला निम्मे येतात, आणि नंतर त्या घराकडे कोणी फिरकत नाही, असे आपल्याकडे फार होते. अशा वेळी मोबाईलवरचा एक आवाज रोज ‘माझ्या बहिणी’ म्हणून हाक मारतो, शुक्रवारी कोणीतरी नाव घेऊन डोक्यावर हात ठेवते, गर्दीत शेजारी बसायला माणूस मिळते. तुमच्याकडे असे झाले आहे की नाही ते तुम्हीच पारखा; झाले असेल, तर चार अध्याय समजावून सांगण्याआधी ती रिकामी जागा भरावी लागेल. तुमच्या महिला मंडळातल्या त्यांच्या बरोबरीच्या दोघी-तिघींनी दर आठवड्याला त्यांच्या घरी जावे, बायबलचा धडा घेण्यासाठी नव्हे, नुसते बसायला. पाळकीणबाई प्रेमळ असतील तर त्यांना सांगा. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजने त्यांना येत असतील. ती एकत्र म्हणा. शिकवणीत मतभेद असूनही दोघींना एकत्र गाता येईल, अशी ती जागा आहे.

पाळकांनी हे उपासनेत जाहीर करावे का, याचे उत्तर निःसंदिग्धपणे नाही असे आहे. ‘आपल्यातली एक भगिनी’ असे नाव न घेता म्हटले, तरी गावात कोण ते दहा मिनिटांत कळते. पाळकांनी आजारपण, प्रार्थना आणि औषध यांवर ओळीने काही रविवार नीट शिकवावे, कोणाकडेही बोट न दाखवता. ते सगळ्या मंडळीलाच हवे आहे. त्या प्रचारकांचे काय करायचे, हा मात्र वेगळा विषय आहे आणि तिथे मी सौम्यतेचा सल्ला देणार नाही. नीच लाभासाठी शिकवून घरेच्या घरे उलथून टाकणाऱ्यांची तोंडे बंद केली पाहिजेत, असे पौलाने तीताला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट म्हटले आहे. पाळक आणि दोन वडील यांनी प्रत्यक्ष जाऊन त्यांना विचारावे की, तुम्ही लोकांना औषध सोडायला सांगता का. ते हो म्हणाले, किंवा टाळाटाळ करून तसेच सांगत राहिले, तर डॉक्टरांनी आणि कुटुंबाने तक्रार करण्यास कचरू नये. ‘आपल्यातल्या गोष्टी बाहेर गेल्या तर आधीच संशयाने पाहणारे लोक सगळ्याच प्रार्थना सभांवर उठतील’, ही भीती मी अनेकांकडून ऐकते. ती भीती पोकळ नाही. पण तिच्यापोटी एका विधवेचा जीव पणाला लावता येत नाही.

हे सगळे करूनही त्या ऐकणार नाहीत, असे होऊ शकते. औषध पुन्हा सुरू करतील आणि शिकवण सोडणार नाहीत, असेही होईल; ते मला जास्त संभवनीय वाटते, आणि तेवढे झाले तरी देवाचे आभार माना. पश्चात्तापबुद्धी देणे देवाकडे आहे, असे पौल म्हणतो. त्यासाठी तारीख ठरवण्याचा हक्क तुम्हाला नाही. नाताळ आणि ईस्टरला त्या तुमच्याच घरी जेवतील, नातवंडाच्या बाप्तिस्म्याला पुढच्या रांगेत त्यांची जागा असेल, त्यांच्या आजारपणात उशाशी तुम्ही असाल, आणि या गोष्टी त्यांच्या मतांवर अवलंबून नाहीत, हे त्यांना वागण्यातून दिसू द्या. गलतीकरांस लिहिताना पौल चुकलेल्याला सौम्य वृत्तीने ताळ्यावर आणायला सांगतो आणि त्याच वाक्यात स्वतःकडे लक्ष दे, तूही मोहात पडशील, असे बजावतो. तुमचा मोह पैशांचा नाही. आपण बरोबर आहोत हे सिद्ध करण्याचा आहे.

आता सभेच्या निमंत्रणाविषयी. अबोला धरूनही त्या तुम्हाला बोलावतात, याचा अर्थ तुमच्या नजरेत त्या जशा वाट चुकलेल्या आहेत, तशाच त्यांच्या नजरेत तुम्ही आहात, आणि त्यांना तुमची काळजी वाटते. त्यांचे इन्सुलिन पुन्हा सुरू झाले असेल, तर एकदा जरूर जा. त्यांच्या शेजारी बसा, मोबाईलवर चित्रण करू नका, तिथे वाद घालू नका, पुढे बोलावले तर जाऊ नका आणि अर्पणाच्या थैलीत काही टाकू नका. परतताना त्यांना विचारा की आजच्या संदेशातले कोणते वाक्य तुमच्या मनाला लागले, आणि त्या बोलतील ते पूर्ण ऐकून घ्या. तुमचे म्हणणे दुसऱ्या दिवशी सांगता येईल. इन्सुलिन अजून बंदच असेल, तर जाऊ नका, कारण तुमचे तिथे बसणे म्हणजे औषध सोडण्याला तुमची संमती, असे त्यांना वाटेल आणि सभेतल्या इतरांनाही वाटेल. अशा वेळी निरोप सुनेबरोबर पाठवू नका. स्वतः त्यांच्या दारात जाऊन सांगा, ‘ताई, तुमचे औषध चालू असते तर मी तुमच्याबरोबर आले असते. सुरू करा, पुढच्या शुक्रवारी आपण दोघी जाऊ.’